झाकली मूठ आणि सतरा मिस्ड कॉल

चुलत बहिणीचं लग्न धुळ्याला होतं. हळदीच्या दिवशी दोन्ही हात पिवळेधम्मक, आणि कमरेला खोचलेला मोबाइल सारखा थरथरतोय. कुणीतरी कानाला लावून दिला. पलीकडे पुण्याच्या ऑफिसातला आमचा ज्युनिअर, रडवेला : ‘‘मॅडम, महिनाअखेरच्या फाइलचा पासवर्ड?’’ तो सांगितला. दहा मिनिटांनी परत फोन : ‘‘मॅडम, फ्रेटचे आकडे कुठून येतात?’’ मग बॉसचा. मग पुन्हा ज्युनिअरचा. संध्याकाळी हात धुऊन पाहिलं, तर उचललेले वगळून सतरा मिस्ड कॉल!

काकू म्हणाल्या, ‘‘हिच्याशिवाय हापिस चालत नाही वाटतं.’’ खोटं कशाला बोलू, मी फुगले. नवी साडी नेसून आरशासमोर उभं राहावं तशी फुगले. पप्पा मात्र समोर बसून सुपारी कातरत होते, ते हसले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, पासवर्ड सांगून का नाही गेलीस? त्यालाही एक इतिहास आहे. दोन वर्षांपूर्वी मी तीन आठवडे खपून एक हिशेबाची शीट बनवली होती. मीटिंगमध्ये पडद्यावर ती झळकली तेव्हा नाव दुसऱ्याच कुणाचं होतं. टाळ्याही त्यालाच. त्या दिवसापासून माझ्या फायलींना कुलपं लागली. दोन शीट लपवलेल्या, एक मॅक्रो असा की तो कुठून सुरू होतो ते मलाच ठाऊक. झाकली मूठ सव्वा लाखाची! तुमच्याही ऑफिसात अशी एखादी मी असणारच. कदाचित ती तुम्हीच असाल.

आणि कंपनीने प्रयत्न केले नाहीत असं नाही हं. दर शुक्रवारी चार वाजता ‘नॉलेज शेअरिंग’. सामोसे यायचे, कोणीतरी वीस स्लाइड वाचून दाखवायचं, शेवटच्या स्लाइडवर फुलांचा गुच्छ आणि ‘थँक यू’. एनी क्वेश्चन्स? शांतता. खरं ज्ञान तर लिफ्टपाशी, सिगारेटच्या टपरीवर नाहीतर लेडीज रूममध्ये वाटलं जायचं. कुणी नोकरी सोडली की शेवटच्या दोन दिवसांत ‘केटी’. पप्पांनी विचारलं, ‘‘केटी म्हणजे? इंजिनिअरिंगला विषय राहिला की लागायची, ती?’’ म्हटलं, नाही हो, नॉलेज ट्रान्सफर. पण विचार केला तर दोन्हींत फार फरक नाही. दोन्ही गोष्टी वर्षभर न केलेला अभ्यास शेवटच्या रात्री करण्याच्याच.

लग्न पार पडलं. दुसऱ्या दिवशी घरात नुसती आवराआवर चालली होती, तेव्हा पप्पा म्हणाले, ‘‘चल बेटा, तुला एक ठिकाण दाखवतो.’’ गल्ल्यांना नावांऐवजी नंबर देणाऱ्या या शहरात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे. शाळेत असताना सहलीला येऊन गेले होते, पण तेव्हा लक्ष डब्यातल्या पुऱ्यांकडे. पप्पांना मात्र राजवाड्यांचं वेड. हा माणूस गावोगाव, बराचसा पायी, हिंडला आणि लोकांच्या माळ्यांवरची, पेट्यांतली जुनी दप्तरं शोधत राहिला. ती कागदपत्रं उंदीर खात होते, वाळवी खात होती, कधी रद्दीच्या भावाने वाण्याकडे जात होती. पण राजवाडे दारात आले की घरमालकांची पेटी घट्ट बंद! इनामाचे, वतनाचे कागद. दाखवले आणि उद्या कुणी हक्क सांगितला तर? आतलं वाचता येत नव्हतं, पण द्यायचंही नव्हतं.

मी तिथे उभी राहून मनात माझ्या दोन लपवलेल्या शीट मोजत होते.

राजवाड्यांनी मिळालेले कागद स्वतःच्या पेटीत घातले नाहीत, ही खरी गंमत. अशा दुर्मीळ कागदांवर बसून राहता आलं असतं, त्यांच्या जिवावर आयुष्यभर ‘एकमेव जाणकार’ म्हणून मिरवता आलं असतं. त्यांनी ते छापायला घेतले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८मध्ये आला, पानिपतच्या आगेमागेच्या काळातली पत्रं असलेला. असे एकूण बावीस खंड. कुणीही उघडावेत आणि राजवाड्यांचंच मत खोडून काढावं, आणि लोकांनी पुढे ते काढलंही. १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं त्यातही ते होतेच. स्वभाव म्हणाल तर भयंकर तापट, चारचौघांत पटवून घेणं हा त्यांचा प्रांत नव्हे. आजच्या एचआरने त्यांना ‘टीम प्लेअर’मध्ये दहापैकी दोन दिले असते. ३१ डिसेंबर १९२६ला ते धुळ्यातच गेले आणि १९२७मध्ये इथल्या लोकांनी त्यांच्या नावाने हे मंडळ काढलं. सामोसे नाहीत, स्लाइड नाहीत, आणि अजून कुणी ना कुणी येऊन काहीतरी शोधत बसतं.

संध्याकाळी एसटीने जळगावला निघालो. नव्वदेक किलोमीटर. पांझरा मागे पडली तेव्हा पप्पांनी नेहमीचं सांगितलं, की विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, कोवळ्या वयात, इथे खानदेशात होते आणि पांझरेच्या पाटाखालून त्यांनी पाइपचा सायफन टाकला होता. पप्पा स्वतः पाणीपुरवठ्यातले, त्यामुळे विश्वेश्वरय्या जणू आमच्या घरातलेच. त्यानंतर बोलले ते मात्र मी कधी ऐकलेलं नव्हतं.

पप्पा नोकरीला नवे असताना, एका गावात (नाव राहू दे) एक वॉल्व्हमन होते. पन्नाशी उलटलेले, सायकलवर फिरणारे. कोणत्या गल्लीला कोणत्या वॉल्व्हने पाणी जातं, कोणता वॉल्व्ह उलटा फिरतो, कोणता रस्त्याच्या डांबराखाली गाडला गेलाय, सगळं त्यांच्या डोक्यात. नकाशा नव्हताच. एकदा ते मुलीच्या बाळंतपणाला चार दिवस गेले आणि नेमकी मुख्य पाइपलाइन फुटली. बंद करायचा वॉल्व्ह कुणाला सापडेना. तीन दिवस रस्ता खोदत होते. अर्ध्या गावाला पाणी नाही, अर्ध्या गावात चिखल.

ते परत आल्यावर साहेबांनी झापलं, लेखी आदेश काढला : सर्व माहिती तात्काळ सादर करावी. त्यांनी काहीही सादर केलं नाही. पप्पा एकटे असताना त्यांनी विचारलं, तर म्हणाले, ‘‘तुमले सांगी दिधं ते माले कोन इचारी, साहेब?’’

तुम्हाला सांगून टाकलं तर मला कोण विचारणार! एसटीत माझ्या अंगावर काटा आला. हेच वाक्य मी दोन वर्षं मनातल्या मनात, जरा बऱ्या मराठीत, म्हणत होते.

‘‘मग?’’

‘‘मग काय, मी त्यांच्याबरोबर पहाटे चारला जायला लागलो. पाणी सोडायची वेळ तीच ना. ते चावी फिरवायचे, मी वहीत खुणा करायचो. मारुतीच्या पारापासून सात पावलं, असं. पावसाळा निघाला त्यात. नकाशा झाला तेव्हा खाली कोपऱ्यात त्यांचं नाव टाकलं, माहिती देणार म्हणून. माझं नाही टाकलं. निवृत्त होईपर्यंत ते आल्यागेल्याला तो नकाशा दाखवायचे.’’

मला वाटलं, ‘बेस्ट प्रॅक्टिस’च्या सगळ्या सेशन्सपेक्षा हे बरं. आणि ही काही फक्त आमच्या खानदेशातली गोष्ट नाही. ज्युलियन ऑर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने अमेरिकेत झेरॉक्स कंपनीची मशीन दुरुस्त करणाऱ्या लोकांबरोबर हिंडून अभ्यास केला. त्याचं पुस्तक १९९६मध्ये आलं. त्याला दिसलं असं, की जाडजूड मॅन्युअल बऱ्याच वेळा उपयोगी पडत नाही. मशीन का रुसलं ते या लोकांना कळतं नाश्त्याच्या नाहीतर जेवणाच्या टेबलावर, एकमेकांना किस्से सांगताना. वरून बघणाऱ्याला वाटतं टाइमपास चाललाय. पुढे कंपनीने या युक्त्या साठवायची एक यंत्रणा उभी केली, आणि तीत ज्याची युक्ती त्याचं नाव लागायचं. म्हणजे इकडे वॉल्व्हमन, तिकडे झेरॉक्सवाले, माणसाची भूक एकच.

जळगावला पोचलो त्या आठवड्यात पप्पांच्या जुन्या सहकाऱ्यांची भरीत पार्टी होती. थंडीत आमच्याकडे ती नसेल तर वर्ष फुकट गेल्यासारखं वाटतं. बामणोदची हिरवी-पांढरी वांगी, कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली, बडगीत ठेचलेली, सोबत कळण्याची पुरी. केळीच्या बागेत सतरंज्या टाकून बारा निवृत्त माणसं बसली होती, आणि काय बोलत होती म्हणता? पंचवीस वर्षांपूर्वीचा एक पंप का बसला याबद्दल भांडत होती! त्यात त्यांच्याच खात्यातला एक नवा पोरगा बसलेला. तो भरीत खाता खाता मोबाइलमध्ये काहीतरी टिपून घेत होता. त्याला कुणी आदेश काढून बोलावलं नव्हतं.

त्या पोराकडे बघताना मला सोपानदेव आठवले. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. कामं करता करता त्या ओव्या रचायच्या, आणि मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी त्या उतरवून घ्यायचे, जेवढ्या कानावर पडल्या तेवढ्या. त्या डिसेंबर १९५१मध्ये गेल्या, आणि अत्र्यांच्या हाती ती वही लागली म्हणून १९५२मध्ये पुस्तक झालं. आज उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. उतरवून घ्यायला शेजारी कुणी नव्हतं तेव्हाच्या किती ओव्या गेल्या, ते कुणाला माहीत!

सोमवारी ऑफिसला आले. ज्युनिअरला म्हटलं, खुर्ची इकडे ओढ. त्याला वाटलं झापणार. लपवलेल्या दोन्ही शीट उघडल्या, मॅक्रो कुठून सुरू होतो ते दाखवलं. ‘‘लिहून देऊ का मॅडम?’’ म्हटलं, मी नाही, तूच लिही, तुला जसं कळतंय तसं. आणि हो, पहिल्या शीटवर माझं नाव ठळक टाकायला सांगितलं. एवढी संत मी नाही!

बॉसला ‘मी फाइल सगळ्यांना खुली करतेय’ असं मेलवर कळवलं, सगळ्या टीमला कॉपी करून. हात जरा थरथरले. पुढच्या अप्रेझलला मला कोण विचारेल, हे मला आजही ठाऊक नाही.

तिसऱ्या दिवशी ज्युनिअर आला, घुटमळला. ‘‘मॅडम, एक विचारू? फ्रेटच्या बेरजेत शेवटची ओळ धरलीच जात नाहीये.’’ मी बघितलं. पुन्हा बघितलं. फॉर्म्युला एक ओळ आधीच थांबत होता. दोन वर्षं. चोवीस महिनाअखेरी, पासवर्डच्या आत, सुरक्षित.

दोघांनी बसून सगळे महिने परत काढले. रात्रीचे साडेनऊ झाले, मिसळ मागवली. पहिल्या शीटवर माझ्या नावाखाली आता त्याचंही नाव आहे. ते त्याने भीतभीत, लहान अक्षरांत टाकलं होतं, मी मोठं केलं.