गोदावरीच्या पलीकडे दुसरे राष्ट्र असते तर

दरवर्षी १७ सप्टेंबर आला की मराठवाडा मुक्तिसंग्रामाची भाषणे सुरू होतात. झेंडावंदन होते, हुतात्म्यांची नावे घेतली जातात, आणि बोलण्याच्या ओघात एखादा वक्ता हमखास विचारतो : ‘निजाम जिंकला असता तर आज आपल्या आयाबहिणींचे काय झाले असते?’ प्रश्न विचारून तो थांबतो. उत्तर द्यायची त्याला गरज वाटत नाही. ऐकणाऱ्यांनी घाबरावे आणि बोट कोणाकडे आहे ते ओळखावे, एवढेच त्याला हवे असते.

मैत्रिणींनो, मला वाटते हा प्रश्न आपण त्याच्या हातातून काढून घ्यावा. प्रश्न आयाबहिणींचा आहे, तेव्हा उत्तरही आपणच शोधलेले बरे.

मी नेवासा तालुक्यात, शनिशिंगणापूर आणि आसपासच्या गावांत बायकांच्या गटांबरोबर काम करते. इथून गोदावरी लांब नाही. प्रवरासंगमाला प्रवरा गोदावरीला मिळते. १९४८ पर्यंत तिथे एक राज्य संपून दुसरे सुरू होत असे. अलीकडे नेवासा, म्हणजे मुंबई प्रांत. पलीकडे गंगापूर, म्हणजे निजामाचा मुलूख. आमच्याकडची जुनी माणसे त्याला ‘मोगलाई’ म्हणत. सोयरिकी मात्र नदी ओलांडून होतच होत्या. माझी आजीही मोगलाईतून इकडे दिलेली. त्यामुळे ‘पलीकडे दुसरे राष्ट्र झाले असते तर’ हा विचार मला नकाशावरची रेघ म्हणून करता येत नाही. माहेर आणि सासर यांच्यामध्ये सरहद्द आली असती, असाच तो माझ्यापुढे येतो.

निजामाला काय हवे होते?

निजाम मीर उस्मान अली खान याने जून १९४७ मध्ये जाहीर केले की इंग्रज गेल्यावर हैदराबाद भारतातही जाणार नाही आणि पाकिस्तानातही नाही. ते स्वतंत्र राहील. राज्य लहान नव्हते. १९४१च्या शिरगणतीत लोकसंख्या १ कोटी ६० लाखांच्या वर होती. सोळा जिल्हे, त्यातले आठ तेलंगणाचे, पाच मराठवाड्याचे आणि तीन कर्नाटकाचे. स्वतःचा हाली सिक्का, स्वतःचे टपाल, स्वतःची रेल्वे, आणि हद्दीवर जकात वसूल करणारे करोडगिरीचे नाके. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी ‘जैसे थे’ करार झाला. पण कासीम रझवीचे रझाकार गावोगाव धुमाकूळ घालत होते आणि मराठवाड्यातली कुटुंबे जीव वाचवायला हद्द ओलांडून आपल्या बाजूला येत होती. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य आत शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

आता कल्पना करू या की हे घडलेच नाही. निजामाने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार केलीच होती. समजा, प्रकरण तिथे वर्षानुवर्षे लोंबकळले आणि आझाद हैदराबाद टिकले.

कसे टिकले असते? या राज्याला समुद्र नव्हता. पोर्तुगिजांकडून मुरगाव बंदर मिळवण्याच्या खटपटी निजामाने केल्या होत्या, पण गोव्याला जायचे तरी भारताच्याच मुलखातून. भारताने नाकेबंदी केली की मीठ, रॉकेल, औषधे, कापड या सगळ्याची टंचाई होणार. टंचाईत रांगेत कोण उभे राहते आणि घरात शेवटी कोण जेवते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आणि राज्य कोणाच्या जिवावर चालले असते? जहागिरदार, देशमुख आणि हत्यारबंद रझाकार यांच्या. राज्याची सुमारे ३० टक्के जमीन जहागिरींखाली होती. तेलंगणातल्या जमीनदारांच्या वाड्यांवर बायकांना वेठीने राबावे लागे. जमीनदाराची मुलगी सासरी निघाली की तिच्याबरोबर कुळांच्या मुली दासी म्हणून धाडायची चाल होती. जे राज्य अशा माणसांच्या खांद्यावर उभे, ते या चाली मोडणार नाही. त्यात प्रजेतली बहुसंख्य माणसे राज्यकर्त्यांच्या धर्माची नव्हती. अशा राज्याला मोकळ्या निवडणुका परवडल्या नसत्या. ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान हा मुसलमानच, रझाकारांविरुद्ध लिहिले म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्याचा खून झाला. जिंकलेल्या हैदराबादेत असे लिहिणारे किती उरले असते? बायकांनी पत्रक काढायचे म्हटले असते तर ते कोणत्या छापखान्यात छापून मिळाले असते?

नदी म्हणजे कायद्याची हद्द

आता आपल्या नदीकाठाकडे येऊ. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला बंदी केली आणि १९४७ साली हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क दिला. देशभरासाठीचा हिंदू विवाह कायदा १९५५ साली आला. म्हणजे त्याच्या नऊ वर्षे आधी नेवाशातल्या बाईकडे दुसऱ्या लग्नाविरुद्ध कायदा होता. हा कायदा मुंबई प्रांताचा, निजामाच्या मुलखात तो चालत नव्हता.

हद्द कायमची झाली असती तर काय झाले असते ते आपल्या कामाच्या अनुभवावरून सांगता येते. नवऱ्याने नावेत बसून पलीकडे जावे, मोगलाईत मांडव घालावा आणि दुसरी घेऊन यावे किंवा तिकडेच राहावे. पहिलीने इकडे फिर्याद केली तरी भटजी, साक्षीदार, मांडव सगळे परक्या राष्ट्रात. समन्स बजावायचे कोणी? पोटगी वसूल करायची कशी? आपल्याच जिल्ह्यात संगमनेरला १९८८ साली परित्यक्ता परिषद झाली, तेव्हा टाकलेल्या बायकांचा प्रश्न केवढा मोठा आहे ते उघड झाले. त्यात एका सरहद्दीची भर पडली असती तर या बायकांना ‘नवरा परदेशात आहे’ एवढे एकच उत्तर कचेरीत मिळाले असते.

आणि दंगली झाल्या असत्या तर? त्याचे उदाहरण फाळणीने दाखवलेच आहे. पळवलेल्या बायका परत मिळवायचा करार भारत-पाकिस्तानात झाला आणि १९४९ साली आपल्याकडे तसा कायदाही झाला. बाई कोणत्या राष्ट्राची हे तिच्या धर्मावरून ठरले. तिला जायचे आहे की राहायचे आहे, हे विचारायची तरतूद त्या कायद्यात नव्हती. दिल्ली आणि हैदराबाद यांच्यातही असाच करार झाला असता, आणि गोदावरीच्या दोन्ही काठांवरून बाया अशाच ‘परत’ केल्या गेल्या असत्या.

तेव्हा वक्त्याला सांगायला हरकत नाही, की होय, निजाम जिंकला असता तर बायकांचे वाईट झाले असते. पण हे अर्धे उत्तर झाले.

दुसरे अर्धे

उरलेले अर्धे असे, की जे राष्ट्र खरोखर जिंकले त्याच्या विजयातही बायका भरडल्या गेल्या. सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाड्यात आणि कर्नाटकाच्या जिल्ह्यांत मुसलमानांची कत्तल झाली. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने कमीत कमी २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. उस्मानाबाद (आजचे धाराशिव), नांदेड, बीदर आणि गुलबर्गा हे सर्वांत जास्त झळ लागलेले जिल्हे. बायकांवर बलात्कार झाले, बायका पळवल्या गेल्या, कित्येकींनी विहिरी जवळ केल्या. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. १७ सप्टेंबरच्या भाषणात त्या आयाबहिणी येत नाहीत. रझाकारांनी केलेले अत्याचार सांगायचे आणि हे गाळायचे, याला मी इतिहास म्हणणार नाही. बाईची अब्रू दोन्ही वेळेला हिशेब चुकता करायच्या कामी आली, हे आपण बायकांनी तरी स्पष्ट म्हटले पाहिजे.

कोणी म्हणेल, निजाम नको आणि दिल्लीही नको, तिसरा रस्ता होता. होता खरा. तेलंगणात १९४६ ते १९५१ कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी हत्यार उचलले आणि पक्षाच्या सांगण्याप्रमाणे सुमारे तीन हजार गावांत आपला कारभार चालवला. वेठ बंद केली, जमीन वाटली. चाकली ऐलम्मासारखी परीट बाई विसनूरच्या देशमुखाविरुद्ध आपल्या शेतासाठी उभी राहिली. मल्लू स्वराज्यम बंदूक घेऊन दलमात गेल्या. माझे मन याच स्वप्नाकडे ओढ घेते, हे मी लपवत नाही. पण हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने १९८०च्या दशकात या लढ्यातल्या बायका शोधून त्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा निराळी दुखणी वर आली. लढा मागे घेतल्यावर बायकांना घरी जा, संसार करा असे सांगण्यात आले. पुरुष पुढारी झाले, आमदार झाले. बहुतेक बायका पुन्हा चुलीपाशी गेल्या.

फुटून निघालेले आणि खरोखर जिंकलेले राष्ट्र आपल्या शेजारीच आहे. १९७१ साली बांगला देश झाला. पाकिस्तानी सैन्याने ज्या असंख्य बायकांवर बलात्कार केले त्यांना नव्या सरकारने ‘बीरांगना’ हा किताब दिला. किताब मिळाला, पण अनेकींना घरात घेतले गेले नाही, आणि मुक्तियोद्धा म्हणून सरकारी यादीत त्यांची नावे येऊ लागायला २०१५ साल उजाडले.

मग फरक काहीच नाही?

असे म्हणून हात झटकणे मला मान्य नाही. कोणाचेही राज्य आले तरी बाईला सारखेच, हे वाक्य ऐकायला बरे वाटते, पण ते खरे नाही. राष्ट्र बाईला न्याय आणून देत नाही, तरी भांडायला जागा देते की नाही, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शिंगणापूरचेच पाहा. हे गाव नदीच्या अलीकडे, म्हणजे आपल्या कल्पनेतही ते भारतातच राहिले असते. घरांना दारे नसलेले गाव म्हणून त्याची ख्याती. देवळात जाण्यापासून कोणत्याही हिंदूला अडवू नये, असा कायदा राज्यात १९५६ पासून आहे. तरीही शनीच्या चौथऱ्यावर बाईने चढायचे नाही हा रिवाज साठ वर्षे चालू राहिला. २००० साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्याविरुद्ध आवाज उठवला. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक बाई चौथऱ्यावर गेली तर गावाने शुद्धीकरण केले. विद्या बाळ आणि अॅड. नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या, १ एप्रिल २०१६ रोजी निकाल लागला, आणि त्यानंतरही बायकांना अडवले गेले. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, परंपरेप्रमाणे नदीचे पाणी घालायला पुरुष चौथऱ्यावर चढलेच, तेव्हा कुठे विश्वस्तांनी सर्वांना वाट मोकळी केली.

यातून मी दोन गोष्टी घेते. घटना असूनही साठ वर्षे लागली. आणि घटना होती म्हणूनच साठ वर्षांनी का होईना, जायला कोर्ट होते. निजामाच्या राष्ट्रात पैठणच्या बाईने असा अर्ज कोणाकडे केला असता?

हद्दीचा खेळ आपल्या देशातही चालतो, हेही विसरू नका. १९५६ साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगणातल्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत जन्माने वाटा आंध्र प्रदेशाच्या कायद्याने १९८६ साली मिळाला, मराठवाड्यातल्या मुलीला महाराष्ट्राच्या कायद्याने १९९४ साली, आणि सगळ्या देशाला २००५ साली. कालपर्यंत एकाच राज्यात असलेल्या दोन शेजारणींमध्ये आठ वर्षांचे अंतर पडले. तेवढ्या काळात किती वाटण्या होऊन गेल्या असतील!

म्हणून कोणी राष्ट्राचे स्वप्न दाखवले, मग ते मागच्या इतिहासातले असो की पुढचे, तर आपण तीन गोष्टी विचारायच्या. जमीन कोणाच्या नावावर? टाकलेली बाई दाद कुठे मागणार? आणि हरलेल्या बाजूच्या बाईचे काय केले?

यंदाच्या १७ सप्टेंबरला नेवासा, शेवगाव, गंगापूर आणि पैठण या चारही तालुक्यांतल्या गटांनी एक काम करावे असे मी सुचवते. १९४८ पाहिलेल्या बायका आता फार थोड्या उरल्या आहेत; ज्या आहेत त्या पंचाऐंशीच्या पुढच्या. त्यांच्याकडून, नाहीतर त्यांच्या लेकीसुनांकडून, त्या वर्षाच्या आठवणी लिहून घ्या. मुसलमान मोहल्ल्यातही जा, दलित वस्तीतही जा. दगडाबाई शेळके यांच्यासारख्या हत्यार घेऊन लढलेल्या बाईचे नाव भाषणात एकदा येते. जिने रात्री लेकरे घेऊन नदी ओलांडली आणि जिने विहीर जवळ केली, त्यांचे कधीच येत नाही. आणि आठवण लिहून झाली की त्याच घरात विचारा, सातबाऱ्यावर बाईचे नाव आहे का. दोन्ही उत्तरे आमच्याकडे पाठवा.