दोघांची सहल, दोन पाकिटं



मुलांची शिक्षणं होतात, लग्नं होतात आणि मग एक दिवस घरात विषय निघतो, ‘आता आपण दोघंच कुठंतरी जाऊन येऊ या.’ युरोप म्हटलं की बारा दिवसांत आठ देश दाखवणारी सहल डोळ्यांपुढे येते. पण ज्यांना धावपळ नको, त्यांना मी बेल्जियममधलं ब्रूज हे लहानसं शहर सुचवीन, आणि तेही थंडीत. ब्रूज हे फ्रेंच नाव. तिथली भाषा डच, म्हणून स्टेशनच्या पाटीवर नाव थोडं वेगळं दिसेल. गोंधळू नका.

ब्रसेल्सहून आगगाडीनं तासाभराचा रस्ता. जुनं गाव इतकं आटोपशीर, की स्टेशनपासून बाजारचौकापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांत पायी पोचता येतं. एके काळी हे कापडाच्या व्यापाराचं मोठं बंदर होतं. पुढं समुद्राकडची खाडी गाळानं भरत गेली, व्यापार अँटवर्पला गेला आणि गाव गरीब झालं. त्या गरिबीमुळेच जुनी घरं पाडून नवी बांधली गेली नाहीत. २००० साली युनेस्कोनं हे जुनं गाव जागतिक वारशात घेतलं.

आता तयारीचं. डिसेंबरात तिथं पावणेनऊच्या सुमाराला उजाडतं आणि पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो. त्यामुळे दिवसाचे बेत दोनच ठेवा. एका जाड कोटापेक्षा आत लोकरी बनियन, मग स्वेटर आणि वरून पाऊस-वारा अडवणारा कोट असे थर बरे. रस्ते दगडी, ओले असले की घसरडे. रबरी तळव्याचे बंद बूट हवेतच. साडी नेसायची हौस असेल तर खाली लोकरी पायमोजे घाला. कालव्यातल्या होड्या थंडीत कमी किंवा बंद असतात, चौकशी करूनच जा.

शाकाहारी मैत्रिणींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. तिथले बटाट्याचे तळलेले काप फार प्रसिद्ध. पण ते पूर्वापार गोमांसाच्या चरबीत तळतात. ‘तेलात तळलेत का?’ हे विचारल्याशिवाय घेऊ नका. वॉफलमध्ये अंडं असतं. सूप मागवतानाही ते कशाच्या पाण्यात उकळलंय, हे विचारा. विचारायला लाजू नये.

आणि आता मुख्य मुद्दा. बाजारचौकात ८३ मीटर उंच घंटाघर आहे. वर जायला ३६६ पायऱ्या, जिना अरुंद. आमच्या ह्यांना वर जायचंच होतं, माझे गुडघे नाही म्हणत होते. अशा वेळी आपण काय करतो? खाली थंडीत दोघांच्या पिशव्या सांभाळत उभ्या राहतो! मी म्हटलं, ‘तुम्ही जा वर. मी लेस बघून येते. दोन तासांनी इथंच भेटू.’ हे क्षणभर बघतच राहिले. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, पण परक्या गावात एकटीनं रस्ता विचारत जायची ही माझी पहिलीच वेळ.

लेस-केंद्रात बायका गादीवर टाचण्या टोचून, लाकडी बॉबिनांवरचे धागे एकमेकांवरून फिरवत विणतात. आपल्या क्रोशाला एक सुई पुरते. इथं बारीक नक्षीला कितीतरी बॉबिनं लागतात. बघता बघता वेळ कसा गेला, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून बेगिनांच्या वाड्यात गेलो. पूल ओलांडला की १७७६ सालचं दार, आत पांढरी घरं आणि मध्ये उंच झाडांचं अंगण. तेराव्या शतकापासून इथं बेगिन बायका राहत. त्या धर्मपरायण, पण जोगिणी नव्हेत. जन्मभराची शपथ घेत नसत. स्वतःची मिळकत बाळगत, कष्ट करून पोट भरत आणि लग्न करावंसं वाटलं तर वाडा सोडून जाऊ शकत. इथं आता बेगिना नाहीत. १९२७ पासून बेनेडिक्टाइन जोगिणी आहेत. इतक्या जुन्या काळी बाईच्या हातात स्वतःची मिळकत होती, हे ऐकून माझा हात नकळत पर्सकडे गेला.

कारण सहलीत बहुतेक घरी पैसे, पासपोर्ट, हॉटेलचा पत्ता, सारं यजमानांच्या एकाच खिशात असतं. चुकामूक झाली तर आपण कुठं जायचं? आणि चुकामूक नाही झाली, तरी चार घटका आपल्या मनासारखं फिरायला कुणाच्या खिशाकडे का बघायचं? म्हणून निघण्यापूर्वीच ठरवून टाका. पैसे दोन पाकिटांत. हॉटेलचा पत्ता दोघांकडे कागदावर लिहिलेला, कारण फोन बंद पडू शकतो. पासपोर्टची प्रत दोघांच्या पिशवीत. खोलीची दुसरी किल्ली मागून घ्या. आणि तीन दिवसांतला निदान अर्धा दिवस तुमच्या एकटीचा.

यात रुसवाफुगवा नाही, भांडण तर नाहीच. संध्याकाळी एका टेबलाशी बसून गरम चॉकलेट पिताना दोघांकडे सांगायला वेगवेगळं काहीतरी असतं, आणि बरं का, तेच ऐकायला गंमत येते. परदेश लांब वाटत असेल तर पुढच्या महाबळेश्वरच्या सहलीत करून बघा. पाकीट मात्र आजच वेगळं करा.