इंग्रजीची तोंडी परीक्षा खरोखर घ्या



दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की जळगावच्या नव्या पेठेपासून धुळ्याच्या देवपुरापर्यंत ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’चे फलक लागतात. कापसाच्या पैशांतून बाजूला काढलेली रक्कम पालक फी म्हणून भरतात. मुलगा एक वही घेऊन घरी येतो : डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द, उजव्या रकान्यात मराठी अर्थ, रोजचे दहा. महिनाभरात तीनशे शब्द पाठ होतात. पुढे पुण्यात मुलाखतीला बसल्यावर ‘स्वतःबद्दल सांगा’ एवढेच इंग्रजीत विचारले तरी त्याच्या तोंडून धड वाक्य निघत नाही. ‘आपल्या खान्देशी पोरांना इंग्रजी जमतच नाही’ हे मग घरोघरी ऐकू येते. जळगाव-धुळे या दोन्ही जिल्ह्यांतल्या माध्यमिक शाळांत मी इंग्रजीच शिकवले आहे आणि हे म्हणणे मला अजिबात मान्य नाही.

हीच मुले सुरतेत काय करतात ते पाहा. उधना, लिंबायत भागांत खान्देशातून गेलेली कितीतरी कुटुंबे आहेत. तिथे कामाला लागलेला आपल्याकडचा पोरगा थोड्याच दिवसांत व्यापाऱ्याशी गुजरातीत हुज्जत घालू लागतो. त्याने शब्दांची वही केलेली नसते. ‘भाव काय’, ‘माल कधी येणार’, ‘पैसे उद्या देतो’ अशी अख्खी वाक्ये त्याने ऐकलेली असतात. ती तो वापरतो, चुकतो, पुन्हा वापरतो. रावेर-यावलच्या केळी बागांत जेमतेम शाळा शिकलेला शेतकरी टिश्यू कल्चर, ड्रिप, फर्टिगेशन हे शब्द न अडखळता बोलतो, कारण ते त्याच्याकडे कामाबरोबर आले.

यावर कोणी म्हणेल की सुरतेत गुजराती चहूकडून कानावर पडते, आमच्या पारोळ्यात इंग्रजी कोण बोलणार? हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ती सोय शाळेने करायला हवी. रोज अर्धा तास का होईना, मुलांनी एकमेकांशी इंग्रजीत बोलण्याशिवाय दुसरे काही करायचे नाही, असा वेळ वेळापत्रकात लागतो.

शब्दसंग्रह नको असे माझे म्हणणे नाही. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात होते आणि बंगाली मुलांना इंग्रजी शिकवताना कोणते शब्द आधी द्यावेत याचा त्यांनी बारकाईने विचार केला. १९५३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या यादीत सुमारे दोन हजार शब्द आहेत, आणि रोजच्या इंग्रजीचा फार मोठा भाग तेवढ्यात बसतो. आपल्या दहावीच्या मुलांना त्यांतले पुष्कळसे शब्द वाचताना ओळखू येतात. घोडे अडते ते पुढे. ‘मिस्टेक’ ठाऊक असते, ‘डू’ ठाऊक असते, म्हणून मुलगी ‘आय डिड मिस्टेक’ म्हणते. ‘आय मेड अ मिस्टेक’ हे तिने कधी अखंड ऐकलेले नसते आणि अखंड म्हटलेले तर नसतेच. समोरचा माणूस उत्तराची वाट पाहत असताना एकेक शब्द आठवून, काळ लावून, वाक्य जुळवायला सवड मिळत नाही. जोडी जोडीने, वाक्य वाक्याने जे तोंडात बसले असेल तेवढेच बाहेर येते. क्लासचालकांना हे कळत नसेल असे नाही; पण पंचवीस मुलांना रोज बोलते करण्यापेक्षा फळ्यावर दहा शब्द लिहून देणे सोपे पडते.

तरीही माझा मुख्य रोख क्लासवाल्यांवर नाही, शाळेतल्या परीक्षेवर आहे. राज्यात जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीला इंग्रजीच्या १०० गुणांपैकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, आणि त्यांत ऐकणे-बोलणे तपासायचे असते. २०१९ च्या परीक्षेत भाषा विषयांचे हे गुण काढून टाकले होते. अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, ओरड झाली आणि २०२० च्या परीक्षेला गुण परत आले. परत आले हे चांगलेच झाले. पण त्या सगळ्या गदारोळात टक्केवारीखेरीज कोणी बोलले नाही. मुले इंग्रजी बोलतात का, हा प्रश्न कुणाला पडला नाही. आजही कित्येक ठिकाणी हे वीस गुण मुलाला तोंड उघडायला न लावता, फार तर पाठ केलेला निबंध म्हणवून घेऊन, दिले जातात. या पेशातल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. ज्या परीक्षेत सगळ्यांना आपोआप अठरा-एकोणीस मिळतात, तिची तयारी मुले कशाला करतील आणि शिक्षक कशाला करून घेतील?

बारावीच्या विज्ञान शाखेच्या प्रात्यक्षिकांना बाहेरचे परीक्षक येतात. तीच पद्धत दहावीच्या इंग्रजी तोंडी परीक्षेला लावा. चोपड्याच्या शिक्षकाने धरणगावला जावे, साक्रीच्या शिक्षिकेने पिंपळनेरला. साठ मुलांचा वर्ग, प्रत्येकाला पाच मिनिटे, म्हणजे पाच तासांचे काम. एका दिवसात उरकते. प्रश्न साधे ठेवा : बसस्थानकात चौकशी, दुकानात वस्तू बदलून मागणे, आजारपणाची रजा सांगणे. व्याकरणाच्या चुकीला गुण कापू नका, गप्प बसण्याला कापा. पहिल्या वर्षी गुण घसरतील. घसरू द्यावेत. त्यापुढच्या जूनपासून वर्गातला आवाज वाढलेला दिसेल.

आणखी एक गोष्ट मनाला फार लागते. ‘आधी अहिराणी विसरा, मग इंग्रजी येईल’ असे मुलांना सांगणारे लोक मी पाहिले आहेत. घरच्या बोलीची लाज वाटू लागलेले मूल कुठल्याच भाषेत मोकळे बोलत नाही. माझ्या वर्गात जी मुले अहिराणीत रंगवून गोष्ट सांगत, तीच इंग्रजीतही चार वाक्ये धीटपणे टाकत. जळगावच्या आपल्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि ज्या बोलीत त्या रचना करत, तिच्या आसपासच्याच बोली आज या दोन जिल्ह्यांतल्या मुलांच्या घरी बोलल्या जातात.

राज्य शिक्षण मंडळाच्या नाशिक विभागाने निदान जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या काही शाळांत येत्या वर्षी हा प्रयोग करून पाहावा, अशी माझी मागणी आहे. परीक्षक कमी पडत असतील तर आम्ही निवृत्त शिक्षक आहोत, प्रवासखर्चही नको. आपल्या दैनिकाने हा विषय लावून धरावा आणि इतर शिक्षकांनाही याच स्तंभात लिहिते करावे, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, पारोळा (जि. जळगाव)