खरे सांगण्याची किंमत

साथीच्या दिवसांत प्रवासी धोका आकड्यांनी मोजत नाही, गावाच्या नावाने मोजतो. मार्च २०२० मध्ये यवतमाळात आढळलेले पहिले करोनाबाधित दुबईची सहल करून आलेले होते. पुण्याचे पहिले रुग्णही त्याच सहलीतले. साहजिकच हा विमानाने येणारा, सुखवस्तूंचा रोग ठरला. पुढे मुंबई-पुण्याहून मजूर पायी, मालमोटारींतून परतू लागले आणि तीच भीती विमानतळावरून वेशीवर आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोल्याबरोबर यवतमाळातही रुग्ण वाढले, निर्बंध आले. बाहेरून येणाऱ्याकडे साशंकतेने पाहणारा जिल्हाच आता इतरांच्या लेखी साशंक ठरला.

कोणत्या गाडीतून कोण खोकत उतरला, ही वार्ता भ्रमणध्वनीवरून तालुकाभर पोहोचते. गाडीच्या खिडक्या उघड्या होत्या काय, प्रवास किती तासांचा होता, ही खरी चौकशी मात्र कोणी करीत नाही.

या चर्चेचा परिणाम अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. ज्या वस्तूवर दंड बसतो, तिचा पुरवठा आटतो. येथे ती वस्तू म्हणजे खरी माहिती. मार्च २०२० मध्येच राज्य सरकारने घरी विलग राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारण्याचे ठरविले. काही दिवसांतच असे शिक्के असलेल्या चार प्रवाशांना सहप्रवाशांच्या तक्रारीवरून पालघर स्थानकावर उतरविण्यात आले. नियम मोडणाऱ्यांना उतरविणे योग्यच होते. पण हे ऐकणाऱ्या पुढच्या प्रवाशाने बोध कोणता घेतला असेल? बाही खाली ओढावी, हाच!

शिवाय हा दंड सर्वांना सारखा नसतो. चौदा दिवसांच्या विलगीकरणात प्राध्यापकाचा पगार चालू राहतो. कापूस वेचणाऱ्या बाईची चूल थंडावते. तिने ताप लपविला तर त्याला अज्ञान म्हणणे सोपे आहे. वस्तुतः तो तिचा हिशेब असतो, आणि तो चुकलेला नसतो.

मुंबईच्या प्लेगनंतर झालेला १८९७ चा साथरोग कायदा महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये लागू केला. रेल्वेप्रवाशांची तपासणी करण्याचा अधिकार त्यात आहे, हे सर्वांना ठाऊक असते. नुकसानभरपाईसह होणारा खर्च कोणी सोसावा हे ठरविण्याचा अधिकारही त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पुढच्या साथीत बसस्थानकावर तपासणीचे टेबल मांडले जाईल, तेव्हा बुडालेली मजुरी आणि नाव गुप्त राखण्याची हमी त्याच टेबलावर मिळावी. मागाहून अर्ज करून नव्हे.