दासोपंतांची मोजणी

आंबेजोगाईच्या दासोपंतांचें (१५५१–१६१५) नांव निघालें, कीं आमचे विद्वान् गज काढतात. पासोडी चाळीस फूट लांब, चार फूट रुंद. ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओंव्यांचा! मोजणी झाली, कौतुक सरलें, आणि ‘पाल्हाळिक’ असा शेरा मारून ग्रंथ पुन्हां बासनांत. भाविकांना तर बेदरच्या बरीदशाहींतून झालेल्या सुटकेची आख्यायिकाच पुरते.

पण हा पाल्हाळ आहे तरी कशाचा? संस्कृतांत ‘घट’ म्हटलें कीं संपलें. मराठींत डेरा निराळा, रांजण निराळा, सुगड निराळें. इतके भेद त्या एका शब्दानें कळावेत कसे, असा रोकडा सवाल नारायणपेठच्या देशपांड्यांच्या या संस्कृतज्ञ पुत्रानें पंडितांना ‘गीतार्णवां’त केला आहे, आणि तोहि दरबारीं फारसी व धर्मपीठीं संस्कृत मिरवत असतां! याला स्वदेशाभिमान म्हणावयाचें नाहीं, तर कशाला?

मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं अभिजात दर्जा मिळाला, तेव्हां पेढे वांटणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं ‘गीतार्णवा’चा एक तरी अध्याय उघडला होता? ज्यांना तो लांबट वाटतो, त्यांनीं निदान त्यांतील भांड्याकुंड्यांचीं नांवें वेंचून त्यांचे अर्थ सांगावेत. पाल्हाळाचा वाद मग घालूं.