मोठं माप, जुना कट आणि तुमचा पहिला धंदा



कपड्यांचा धंदा करायचा म्हटलं की दहातले आठजण एकच बोलतात : "सर, टी-शर्ट प्रिंट करून विकू का?" विका की! पण तुमच्या गल्लीत तेच विकणारे आणखी चारजण आहेत. आज मी एका वेगळ्या कस्टमरबद्दल बोलणार आहे. त्याच्या खिशात पैसे आहेत, कपड्यांची हौस आहे, आणि तरीही तो दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर पडतो.

हा कस्टमर म्हणजे ४४-४६ कमरेचा माणूस. त्याला जुन्या पद्धतीचे कपडे आवडतात. कमरेला वर बसणारी प्लेटची पँट, सरळ घेराचा बुशशर्ट, गॅलिस, जाकीट. कुणाला कॉलेजच्या गेट-टुगेदरला रेट्रो थीमसाठी हवं असतं, कुणाला नाटकात १९५० सालचा हेडमास्तर उभा करायचा असतो, आणि कुणाला रोज तसंच नीटनेटकं राहायला आवडतं. बऱ्याच दुकानांत पँटचं माप ४० ला संपतं. पुढचं माप असलं तर त्यात फक्त काळी फॉर्मल किंवा ढगळ कार्गो. वर सेल्समन चारचौघांत म्हणतो, "तुमच्या साईजमध्ये नाही येणार." हे वाक्य ऐकलेला माणूस त्या दुकानात परत जात नाही.

माझं मत स्पष्ट आहे. या कस्टमरसाठी रेडीमेड माल शोधत फिरू नका. त्याचं माप हेच तुमचं भांडवल करा आणि शिवून विका.

का, ते सांगतो.

पहिलं कारण. जुने कपडे जुन्या बाजारात मिळतील असं वाटतं, पण मोठ्या मापात ते फारसे उरलेलेच नाहीत. आपल्या घरांमध्ये वडिलांची पँट उसवून धाकट्यासाठी शिवायची पद्धत होती. मोठा कपडा कापून लहान करता येतो, लहानाचा मोठा करता येत नाही. त्यामुळे तो माल शोधण्यात महिने घालवू नका.

दुसरं कारण. रेडीमेडमध्ये मोठं माप बनवताना बहुतेक वेळा लहान मापच सगळीकडून वाढवतात. पण माणूस सगळीकडून सारखा वाढत नाही. पोट वाढतं, खांद्याचं हाड वाढत नाही. म्हणून तीन एक्सएलचा शर्ट पोटावर बसतो, पण खांदा दंडावर उतरतो आणि बाही बोटांपर्यंत येते. पोट पुढे असेल तर शर्टाचा पुढचा घेर वर उचलला जातो, तिथे पुढचा भाग थोडा लांब कापावा लागतो. हे तुमच्या गावातल्या साठीच्या टेलरकाकांना कुणी शिकवायची गरज नाही. त्यांच्या वहीत छाती, पोट, सीट अशी वेगवेगळी मापं असतात.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जुना कट भरलेल्या अंगाला खरोखर चांगला बसतो. आजची खाली बसणारी पँट पोटाच्या खाली सरकते आणि माणूस दिवसभर ती वर ओढत राहतो. जुन्या पँटचं आसन उंच असतं, ती बेंबीजवळ बसते, प्लेटमुळे बसता-उठता मांडीवर ताण येत नाही. गॅलिस लावलं की वजन खांद्यावर जातं, पट्टा आवळावा लागत नाही. म्हणजे तुम्ही फॅशनसोबत आरामही विकताय.

आता पैशाचं बोलू. ५८ इंच पन्ह्याच्या कापडात ३४ कमरेच्या पँटचे भाग शेजारी-शेजारी बसतात, साधारण सव्वा मीटरमध्ये काम होतं. ४६ कमरेला ते तसे बसत नाहीत, म्हणून कापड लांबीला वाढतं. १.८ मीटर धरा. समजा कापड ३०० रुपये मीटर. हिशोब असा :

- कापड : ५४० रुपये
- शिलाई : ५०० रुपये
- अस्तर, चेन, बटणं, बकरम : ९० रुपये
- दुरुस्तीसाठी बाजूला : ७० रुपये
- पॅकिंग, कुरिअर : १२० रुपये

एकूण १,३२० रुपये. १,७९९ ला विकली तर ४७९ रुपये उरतात. महिन्याला ४० पँटी म्हणजे १९,१६० रुपये. यातून जाहिरात आणि तुमचा वेळ वजा करा. दर गावागणिक बदलतील, आकडे तुमचे घाला, पण कागदावर मांडल्याशिवाय कापड घेऊ नका. जीएसटी नोंदणी असेल तर लक्षात ठेवा : २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्या किमतीला १८ टक्के कर आहे.

"मोठ्या मापाला १०० रुपये जादा" अशी पाटी मात्र लावू नका. तुमचा प्रत्येक कस्टमर मोठ्या मापाचाच आहे. सरासरी कापड धरून एकच भाव ठेवा. तसंच "हेल्दी", "जाडे" असले शब्द जाहिरातीत नकोत. आकडा लिहा : कमर ४२ ते ५४. फोटोसुद्धा त्याच मापाच्या माणसाचा हवा. बारीक मॉडेलला ढगळ पँट घालून काय कळणार?

"सर, ही बाजारपेठ फार छोटी आहे," असं कुणीतरी म्हणेलच. मोठ्या कंपनीसाठी छोटी आहे, म्हणूनच ती तुमच्यासाठी मोकळी आहे. कंपनीला एका मापाचे हजार नग लागतात, तुम्हाला महिन्याला चाळीस माणसं पुरतात. आणि ऑर्डर आल्यावरच कापड कापलं जाणार, म्हणजे गोडाऊनमध्ये माल पडून राहायची भीती नाही.

धोका आहे तो मापाचा. चुकीच्या मापाची पँट दुसऱ्याला विकता येत नाही. म्हणून ५० टक्के आगाऊ घ्या. कमर बेंबीवर, पोट, सीट, मांडी, आसन, लांबी आणि मोहरी अशी सात मापं घ्या. सोबत त्याला नीट बसणारी एखादी पँट सपाट ठेवून तिचंही माप मागवा. मागच्या शिलाईत दोन इंच माया सोडा. वजन वाढलं तर पँट सैल करता येते, आणि हे तुम्ही ठणकावून सांगू शकता. पहिली दुरुस्ती फुकट द्या.

सुरुवात फक्त पँटने करा. कोटाच्या नादी पहिल्या वर्षी लागू नका, त्याचं कटिंग वेगळं आणि चुकीची किंमतही मोठी. कापडासाठी मुंबईचं मंगलदास मार्केट आहे, शर्टिंगसाठी इचलकरंजी आहे. पहिल्या दहा पँटींसाठी तर जवळचं कट-पीसचं दुकानही चालेल.

आणि टेलरकाकांना शिलाईच्या भावात घासाघीस करून गमावू नका. रेडीमेडमुळे त्यांचं काम आटलंय, पण तुमच्या धंद्यातलं खरं कौशल्य त्यांच्याच हातात आहे. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळतं. ते पात्र असतील तर फॉर्म भरायला स्वतः सोबत जा.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या ओळखीतल्या ४२ च्या पुढच्या कमरेच्या पाच माणसांना विचारा, "शेवटची मनासारखी पँट कधी मिळाली?" उत्तरं वहीत लिहा. मग ती वही घेऊन टेलरकाकांकडे जा आणि एक पँट शिवून घ्या. एकच.

चला, कामाला लागा!