नियमांनी शर्यत मरत नाही, आपल्या हट्टाने मरते

मंडळी, थोडं लांब लिहितोय. बैलगाडा शौकिनांनी लगेच रागावू नका, मी तुमच्यातलाच आहे.

राहतो विरारला, पण मूळ गाव खेड तालुक्यातलं. त्यामुळे रविवारी घरात दोन शर्यती चालतात. माझ्या मोबाईलवर घाटातल्या बाऱ्या, टीव्हीवर पोराची फॉर्म्युला वन. पोरगा सध्या चिडलाय. २०२६ च्या नियमांनी गाडीची जवळपास निम्मी ताकद बॅटरीतून येणार, म्हणून "ही रेस राहिलीच नाही" म्हणतो. मला हसू आलं. कारण त्याच दिवशी आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलं होतं, "चाबूक नाही, काठी नाही, मग शर्यत कसली?" घाट वेगळा, रडगाणं तेच!

बॅटरीवर खुशाल भांडा. तो आवडीनिवडीचा प्रश्न आहे. पण जिवाशी संबंधित नियमावर प्रेक्षकांची नाराजी हा निकष होऊ शकत नाही. २०१८ ला फॉर्म्युला वनमध्ये ड्रायव्हरच्या डोक्याभोवती 'हॅलो' नावाची कमान सक्तीची झाली. चाहत्यांनी तिला चपलेचा पट्टा म्हणून हिणवलं. रोमां ग्रोजां हा ड्रायव्हरसुद्धा विरोधात होता. २९ नोव्हेंबर २०२० ला बहरीनमध्ये त्याचीच गाडी कठडा फोडून आत घुसली, पेटली, आणि तो आगीतून जिवंत बाहेर आला. हॅलोमुळेच वाचलो, हे त्याने स्वतः कबूल केलं.

ड्रायव्हरला निदान बोलता तरी येतं. बैलाला कोण विचारणार?

आता आपला इतिहास आठवा. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या. २०१७ ला राज्याने कायदा केला, तोही हायकोर्टात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. आपण गुलाल उधळला. पण त्याच निकालात नियम काटेकोर पाळा, असंही बजावलंय, हे किती जणांनी वाचलं? जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलाची डॉक्टरी तपासणी, हजार मीटरच्या आत अंतर, काठी-चाबूक-टोचणी-विजेचा झटका बंद. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे नियम शर्यतीच्या आड येत नाहीत, शर्यत त्यांच्याच जोरावर उभी आहे.

"शहरातल्या लोकांना काय कळतं?" हा मुद्दा मलाही पटतो, अर्धाच. शर्यत बंद होती तेव्हा खिलार सांभाळणं परवडेना, किती दावणी रिकाम्या झाल्या ते मी गावात पाहिलंय. शर्यतीमुळे खिलार टिकतो, हे खरंच आहे. पण आमच्याच दावणीच्या बैलाच्या मांडीवर खिळ्याचे व्रणही मी पाहिलेत. लहान होतो. चुलत्यांना विचारलं, तर म्हणाले, "त्याशिवाय पळत नाही." ज्याला पोटच्या पोरासारखा वाढवला म्हणतो, त्याला खिळा टोचायचा? बंदी कोर्टाने आणली खरी, पण कारण आपण पुरवलं होतं.

आणि खरा दमदार बैल टोचल्याशिवाय पळतो, हे जातिवंत गाडामालकाला सांगावं लागत नाही. खिळा लागतो तो मालकाच्या हौसेला.

आपल्या वसई-विरारमधूनही कितीतरी जण पहाटे गाड्या काढून कल्याण-पनवेलकडे बिनजोड बघायला जातात. त्यांना हात जोडून विनंती. कुणाच्या हातात टोचणी दिसली तर तिथल्या तिथे आयोजकांना सांगा. शेपूट पिरगळून जिंकलेल्या गाड्यावर शिट्ट्या मारू नका, असले व्हिडिओ "नाद एकच" म्हणून स्टेटसला ठेवू नका. आयोजकांनीही गाडामालक कितीही मोठा असो, गाडा बाद करावा. उद्या हाच व्हिडिओ कुणी कोर्टात नेला, तर पुन्हा साडेसात वर्षं घरी बसायची तयारी आहे का?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, पण आधी सांगा: टोचणीशिवाय तुमचा बैल पळतो की नाही?